हॉकीतील रिकाम्या जागा

८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे स्पेनवर २-१ असा विजय मिळवून भारतीय हॉकी संघाने ऑलिंपिकचे कांस्यपदक राखले, आणि त्याच सामन्यानंतर श्रीजेशने गोलरक्षकाचे पॅड कायमचे उतरविले. त्याची जागा कोण भरणार, ही चिंता त्यानंतर जिकडेतिकडे व्यक्त झाली. आम्हांस ती अस्थानी वाटते. क्रिशन पाठक कित्येक वर्षे श्रीजेशच्या सावलीत तयार होत आला होता; त्याच्या मागे आमच्या मुंबईचा सूरज करकेराही होता. ही जागा रिकामी होण्यापूर्वीच भरलेली होती.

खरी पोकळी अन्यत्र आहे. पॅरिसमध्ये भारताने आठ सामन्यांत केलेल्या पंधरा गोलांपैकी दहा गोल एकट्या हरमनप्रीत सिंगचे होते. ज्या संघाचे दोन-तृतीयांश गोल एकाच काठीतून निघतात, त्याच्या भवितव्याविषयी निश्चिंत कसे राहावे? २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या वेळी हरमनप्रीत बत्तीस वर्षांचा असेल. एका खेळाडूचे नसणे किती महाग पडते, याचा दाखला पॅरिसनेच दिला आहे. उपांत्यपूर्व सामन्यात लाल कार्ड मिळाल्यामुळे अमित रोहिदास जर्मनीविरुद्ध उतरू शकला नाही. पेनल्टी कॉर्नरवर सर्वांपुढे धावून जाणारा हा गडी बाहेर बसला, जर्मनीने एक गोल पेनल्टी कॉर्नरवरच केला आणि सामना आपण २-३ असा गमावला.

मग तरुणांवर भार टाकावा काय? अवश्य टाकावा; पण वेळेवर. २०१६ साली लखनौ येथे ज्युनिअर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बेल्जियमविरुद्ध भारताचे दोन गोल गुरजंत आणि सिमरनजित यांनी केले होते. पुढे २०२१ मध्ये टोकियोला सिमरनजित गेला तो राखीव म्हणून. राखीवांनाही खेळविण्याची मुभा त्या वेळी मिळाली आणि कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध त्याने दोन गोल केले. मधली पाच वर्षे वरिष्ठ संघात घासल्यावाचून हे घडले नसते. उलट २००१ साली होबार्टला ज्युनिअर विश्वचषक जिंकूनही २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला आपण पात्रसुद्धा ठरलो नाही. शाळेत आम्ही पाहिले आहे, चौथीत पहिला आलेला मुलगा मॅट्रिकला आपोआप पहिला येत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये श्रीजेशच्याच मार्गदर्शनाखाली ज्युनिअर संघाने चेन्नईत कांस्यपदक मिळविले. अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ असे पिछाडीवर असताना अखेरच्या सत्रात चार गोल करणे हे धैर्याचे लक्षण होय. पण याच मुलांना उपांत्य सामन्यात जर्मनीने ५-१ असे लोळविले होते, हेही विसरता येत नाही. पेनल्टी कॉर्नरवर हमखास फटका मारणारा शारदानंद तिवारी, बचावफळीतील अनमोल एक्का, गोलात प्रिन्सदीप सिंग ही नावे आशादायक आहेत. हॉकी इंडिया लीगमध्ये तरुणांना संघात घेण्याची सक्ती झाली खरी. तथापि बाकावर बसून ड्रॅग फ्लिक येत नाही.

निवड समितीस आमचे सांगणे आहे की, प्रो लीगमध्ये मोठ्या संघांविरुद्ध काही पेनल्टी कॉर्नर हरमनप्रीत मैदानात असतानाच या मुलांकडे सोपवावेत. त्यातले बरेच वाया जातील, कदाचित एखाददुसरा सामनाही हातचा जाईल. जून २०२५ मध्ये युरोपात अनुभवी खेळाडूंना घेऊनही आपण लागोपाठ सात सामने हरलोच होतो.