विकतचा किल्ला

परवा, दिवाळीच्या तोंडावर, बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मांडलेले पाहिले. रंगवलेले, बुरुज-दरवाज्यांसकट. आमच्याच घरातल्या एका सुज्ञ जोडप्याने त्यातला एक नातवासाठी घेतलाही. (वाचत असतील तर वाचोत, मी तोंडावरही हेच बोललो आहे.) कारण काय, तर गॅलरीत माती नको, घाण होते!

अहो, त्या घाणीतच तर सगळं असतं.

कोरड्या मातीचा ढीग करून बघा. एका ठराविक उतारापुढे तो चढतच नाही, वरून ओतलेली माती घरंगळत खाली येते. पाणी शिंपडलं की कण कणाला धरतो आणि कडा उभा राहतो. पाणी जास्त झालं की तोच कडा बसकण मारतो. मग पोरं आत दगड-विटा रचतात, वर ओलं गोणपाट टाकतात, त्यावर चिखल थापतात. हे त्यांना कुणी शिकवत नाही. आदल्या दिवशी ढासळलेला बुरूज शिकवतो.

आणि कारंजं! सलाईनची नळी, तिच्या तोंडाला रिकाम्या रिफीलचा तुकडा, पाण्याचा डबा खिडकीत उंचावर. डबा खाली आणला की कारंजं मान टाकतं, वर नेला की उसळतं. पण डब्यातल्या पाण्याच्या पातळीवर काही केल्या जात नाही.

मी मराठीचा बी.ए. शाळेत शिक्षक कमी, म्हणून विज्ञानही माझ्याच गळ्यात. 'द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो' हे वाक्य वर्षानुवर्षं पाठ करून घेतलं. एकदा एका मुलाने विचारलं, "सर, म्हणजे आमच्या किल्ल्याच्या कारंज्यासारखं ना?" मी म्हटलं, "पुढचं वाच." आजही आठवलं की लाज वाटते.

यावर उत्तर तयार असतं: आम्ही महागडी किट्स आणतो की! त्यात प्रत्येक तुकडा बरोब्बर बसतो, चुकायला जागाच नाही. अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे पोरांच्या हाती दिले. त्याचा चौकोन करा, दाबला की कलंडतो. त्रिकोण हलत नाही. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, ते तिथे बोटांना कळतं. खर्च किती? असो.

प्लास्टरचा किल्ला माळ्यावर टाका. माती मी आणतो, गॅलरीही मीच धुतो.