कॅमेरा कोणता घ्यावा?

छायाचित्रणाचा छंद हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांत फार वाढला आहे. सहल पन्हाळ्यास जावो कीं रंकाळ्यावर, थोरल्या मुलांपैकीं कोणाच्या तरी हातीं मोबाईल असतो आणि त्यांत कॅमेरा असतोच. छंद चांगला आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु या नवशिक्यांचे व त्यांच्या पालकांचे जे प्रश्न आमच्याकडे येतात, ते ऐकून असें वाटूं लागलें आहे कीं, उत्तरें देण्याआधीं प्रश्नांचा क्रमच बदलावा. "कॅमेरा कोणता घ्यावा?" हा प्रश्न बहुधा सर्वांत आधीं येतो, आमच्या मतें तो सर्वांत शेवटीं यावा.

या प्रश्नाचें उत्तर कोल्हापूरनें शंभर वर्षांपूर्वींच देऊन ठेविलें आहे. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट निघाला, तेव्हां आनंदराव व बाबूराव पेंटर हे भाऊ नाटकांचे पडदे रंगवीत होते. आपणही चित्रपट काढावा असें त्यांच्या मनानें घेतलें. पण कॅमेरा कोठें होता? १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं नाद सोडला नाहीं. दामले यांच्यासारख्या शिष्यांस हाताशीं धरून त्यांनीं १९१८ च्या सुमारास कॅमेरा स्वतः तयार केला, आणि १९२० सालीं त्यांचा 'सैरंध्री' लोकांपुढें आला. खरी कॉर्नरजवळचा कॅमेरास्तंभ याच कामगिरीचें स्मारक होय. प्रत्येक मुलानें घरीं कॅमेरा बनवावा, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु कॅमेरा हातीं येण्यापूर्वीं पुष्कळ वर्षें पडदे रंगवून बाबूरावांची नजर तयार झालेली होती, एवढें मुलांनीं विसरूं नये.

आतां दुकानदार ज्या मेगापिक्सेलची थोरवी गातो, त्याचा हिशेब पाहूं. एक मेगापिक्सेल म्हणजे चित्रांतील दहा लाख ठिपके. इंचास ३०० ठिपके या दरानें छापलें, तर चार इंच रुंद व सहा इंच लांब चित्रास १२०० गुणिले १८००, म्हणजे सुमारें २२ लाख ठिपके पुरतात. आठ इंच व बारा इंचांचें मोठें चित्रही सुमारें ८६ लाखांत भागतें. घरांतील साध्या मोबाईलमध्येंही बहुधा याहून अधिक ठिपके असतात. मग ज्या बापानें वर्षाची शिल्लक मोडून मुलास महाग यंत्र घेऊन द्यावयाचें, त्यानें तें कशासाठीं द्यावें?

"तर मग आमचीं चित्रें चांगलीं कां येत नाहींत?" हा दुसरा प्रश्न. बहुतेक वेळां दोष प्रकाश न पाहण्याचा असतो. भर दुपारीं उन्हांत मित्रास उभें केलें, तर कपाळ पांढरें होतें व डोळ्यांच्या खांचा काळ्या पडतात. त्याच मित्रास सकाळीं खिडकीपाशीं बसवा आणि उजेड एका बाजूनें चेहऱ्यावर येऊं द्या. तोच मोबाईल दुसऱ्याच कोणाचा तरी वाटेल. अंबाबाईच्या देवळांतील किरणोत्सव आमच्या मुलांनीं या दृष्टीनें पाहावा. नोव्हेंबरांत आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभीं मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून गाभाऱ्यापर्यंत येतात, आणि मूर्तीच्या चरणांपासून मुखाकडे चढत जातात. सूर्य किती उतरला म्हणजे उजेड किती आंत शिरतो, हें तेथें डोळ्यांनीं शिकतां येतें.

सायंकाळचीं चित्रें हललेलीं येतात, त्याचेंही कारण प्रकाशच. उजेड कमी झाला कीं कॅमेऱ्याचें शटर अधिक वेळ उघडें राहतें, आणि तेवढ्यांत हात हलतो. कोपर भिंतीस किंवा कट्ट्यास टेकावें, श्वास रोखावा, मग बटण दाबावें. याला पैसा लागत नाहीं. पूर्वीं फिल्मच्या एका रिळांत ३६ चित्रें निघत. मुलांनीं आठवड्यास ३६ च चित्रें काढण्याचा नेम करावा, आणि रविवारीं त्यांतलें एक निवडून इतर कां निवडलीं नाहींत तें वहींत लिहावें.

यापुढचा प्रश्न मात्र आम्हांस कोणी विचारीत नाहीं, आणि आमच्या मतें तोच सर्वांत मोठा आहे: ज्याचें चित्र काढावयाचें, त्याची परवानगी घेतली काय? पंचगंगेच्या घाटावर धुणें धुणारी बाई, तालमींत घाम गाळणारा मल्ल, पायताण शिवणारा म्हातारा हे कोणाच्या छंदाचीं खेळणीं नव्हेत. मोबाईलमधून निघालेलें चित्र तासाभरांत हजारों अनोळखी माणसांपुढें जातें, आणि मग तें परत घेतां येत नाहीं. आपल्या आईचें असें चित्र कोणी काढलेलें चालेल काय, असें मुलानें प्रथम स्वतःस विचारावें. यावर कांहीं मुलें म्हणतात कीं, विचारलें तर माणूस अवघडतो व चेहऱ्यावरचा सहजपणा जातो. खरें आहे. म्हणून विचारल्यावर लगेच बटण दाबूं नये. अर्धा तास जवळ बसावें, त्याचें काम पाहावें, चार शब्द बोलावे. कामांत गुंतला कीं तो कॅमेरा विसरतो. छापलेली एक प्रत त्याला नेऊन द्यावी. ही केवळ रीतभात नव्हे. चित्राचा चांगलेपणाही यानेंच वाढतो.

पालकांचा प्रश्न निराळा असतो: "यावर पोट भरेल काय?" मोबाईल घरोघर झाल्यापासून साध्या चित्रासाठीं स्टुडिओंत पूर्वींइतकें कोणी जात नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. लग्नकार्यें, वर्तमानपत्रें, जाहिराती, कारखाने यांचीं कामें मात्र आहेत. तीं ज्याला दिलेली वेळ पाळतां येते, हिशेब ठेवतां येतो व गिऱ्हाइकाशीं नीट बोलतां येतें त्यालाच मिळतात. म्हणून शाळा सोडून या धंद्यांत पडूं नये. सुटींत एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराच्या हाताखालीं राहावें. दामले, फत्तेलाल व शांताराम बाबूरावांच्या हाताखालीं पडेल तें काम करीतच तयार झाले. १९२९ सालीं कोल्हापुरांत 'प्रभात' कंपनी उभारणाऱ्यांत हे तिघेही होते.

वर्षभर असा अभ्यास केल्यावर पहिल्या प्रश्नाचें उत्तर मुलाचें मुलालाच सुचेल. दूरच्या झाडावरील पक्षी मोबाईलला साधत नाहीं असें ज्यानें दहादां अनुभवलें, त्याला लांब पल्ल्याचें भिंग हवें. रंगमंचावरील मंद उजेड ज्याला पकडावयाचा आहे, त्याला मोठ्या छिद्राचें भिंग हवें. ज्याला आपली अडचण अशी नेमकी सांगतां येत नाहीं, त्याच्यासाठीं पालकांनीं अद्याप कॅमेरा घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तोंवर या सुटींत प्रत्येकानें एक काम करावें. आपल्या आजीचें किंवा आजोबांचें, ते नेहमीचें काम करीत असतांना, खिडकीच्या उजेडांत एक चित्र काढावें. तें कागदावर छापून घ्यावें, आणि मागें त्यांचें नांव, गांव व तारीख शाईनें लिहावी. मोबाईल तीन-चार वर्षांत बदलतो व त्यांतलीं चित्रें त्याच्याबरोबर नाहींशीं होतात. नांव लिहिलेला कागद मात्र नातवंडांच्या हातीं पडतो.