बॅटरी नसलेलं घड्याळ

डेडलाइनच्या दिवशी सकाळपासून लॅपटॉपसमोर होते. दुपारी बघते तर मनगटावरचं घड्याळ बंद! बॅटरी संपली असेल, मैत्रीण म्हणाली. पण बॅटरी नाहीच ना त्यात. एचएमटी कांचन, ऑटोमॅटिक. कारंजा घाडगेला लग्नात सासऱ्यांनी बाबांना दिलेलं. त्या काळी जावयाला कांचन म्हणजे फुल स्टेटस!

बाबा ते रोज घालायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, डावा हात गेला. त्याच आठवड्यात घड्याळही थांबलं. अपशकुन वगैरे घरात सगळं बोलून झालं. शेवटी मी ते नागपूरला, सीताबर्डीत एका घड्याळवाल्या काकांकडे नेलं.

त्यांनी मागचं झाकण उघडलं. आत अर्धचंद्रासारखं एक वजन, रोटर. हात हलला की ते फिरतं आणि चाकांमधून एक बारीक स्प्रिंग गुंडाळली जाते. पुरती भरली की तिचं टोक घसरतं, म्हणून कितीही हात हलवा, तुटत नाही. मग ती उलगडते, पण एकदम नाही. बॅलन्स व्हील तिला अडवत-सोडत नेतं, टिकटिक त्याचीच. डायलवरचे 21 ज्वेल्स म्हणजे घर्षण कमी करणारे कृत्रिम माणिक. (मला लहानपणी हिरे वाटायचे.)

‘‘तेल सुकलंय, बाकी ठणठणीत. कोणी घालत नव्हतं का?’’

‘‘घालत होते. रोज. हात हलत नव्हता.’’

काका काही बोलले नाहीत. डायल नवा रंगवून देऊ का, एवढंच विचारलं. मी नको म्हटलं. पिवळा पडलाय, पडू दे. बंगळूरला 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा धंदा 2016 मध्ये बंद झाला. आता पार्ट मिळतात ते दुसरं घड्याळ मोडूनच.

पंधरा दिवस वापरून बघा, काका म्हणाले होते. माझ्या हातावर ते दोनदा थांबलं. पूर्ण भरलेली स्प्रिंग दीडेक दिवस चालते, पण भरायला हात हलायला हवा ना! आमचे हात टेबलावर.

शनिवारी कारंजाला गेले. बाबांसमोर घड्याळ धरलं, म्हटलं उजव्या हातावर बांधते, चालू राहील. बाबांनी उजव्या हाताने डावा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

‘‘याच्यावरच बांध. रोज शंभरदा हलवायला लावते तो फिजिओवाला.’’