औंढ्याची माहिती, अनेकांच्या तारा

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी उभारायच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्राने एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहर आकाशात कुठून आली हे एकट्या वेधशाळेला नेमके सांगता येत नाही. अमेरिका, इटली, जपान इथल्या नोंदींशी वेळ ताडून पाहावी लागते, तीही दुर्बिणी त्या दिशेला वळवायला उशीर होण्याआधी. अशी माहिती देशातल्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्यातून निघून परदेशांतली स्वतंत्र संशोधन जाळी ओलांडते, आणि त्या सगळ्यांचा मालक एक नाही. लांबच्या अंतरावर माहितीची थोडी पाकिटे गळाली तरी वेग कोसळतो, आणि प्रत्येक जण आपला भाग ठीक असल्याचे सांगतो. म्हणून जाड केबलइतकाच पैसा टोकापासून टोकापर्यंतच्या सामाईक मोजणीवर आणि दोष शोधणाऱ्या माणसांवर खर्च व्हायला हवा.

चकलांब्यासारख्या गावातला वाचक विचारील, आधी गावाला नीट इंटरनेट द्या, शास्त्रज्ञांचे नंतर पाहू. प्रश्न रास्त आहे. मात्र या दोन गरजा एकमेकींच्या आड येत नाहीत. गावांपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट योजनेची तारही ग्रामपंचायतीपर्यंत येताना अनेक यंत्रणांच्या हातांतून जाते. तिथेही बिघाडाची जबाबदारी नेमकी कुणाची, हे आधी लिहून ठरलेले असले पाहिजे, आणि ते सरपंचाला वाचता आले पाहिजे.