हिशेबाचा प्रोग्राम आणि त्याची पारख

पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे तळहातावर पाहिल्यावाचून आपण सौदा करीत नाही. परंतु हिशेबाचा प्रोग्राम करवून घेताना तोच व्यापारी समोरच्याच्या गोड बोलण्यावर विसंबतो. आम्हीही त्यांतलेच एक, म्हणून हे चार शब्द.

२००४ साली आम्ही आडतीच्या पेढीकरिता एक प्रोग्राम करविला. तो व्हिज्युअल बेसिक ६ वर बांधलेला होता. १९९८ साली निघालेले ते साधन त्या वेळी सर्वत्र चालत असे. मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल एप्रिल २००८ मध्ये थांबविली, ही वार्ता आम्हांस जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कळली! प्रोग्राम चालत होता. पण त्यात एक रकाना वाढवून देण्यास कोणी धजेना. त्याहून मोठी अडचण नावांची. त्या साधनाच्या मूळ रकान्यांस युनिकोड ठाऊक नव्हते. मराठी नावे एका खास फाँटच्या आधाराने बसविली होती. संगणक बदलला, फाँट राहिला, आणि पट्टीवर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली. "सावकार, ह्यात माझं नाव कुठं हाय?" असे एका शेतकऱ्याने विचारले, तेव्हा आम्हांस मान खाली घालावी लागली.

खिडक्या, बटणे, रकाने हे प्रोग्राम लिहिणारा स्वतः घडवीत नाही. ते आयते पुरविणाऱ्या संचास टूलकिट म्हणतात. तेव्हा पारख करावयाची ती या संचाची. दिसण्यावर जाऊ नये. मागील दोन-तीन वर्षांत नव्या आवृत्त्या निघाल्या काय, कळविलेले दोष दुरुस्त होतात काय, काम एकट्या माणसाच्या हौसेवर चालते की अनेक हातांवर, हे पाहावे. आमच्या पुतण्याने प्रथम आणलेला देखणा संच याच प्रश्नांवर नापास झाला.

क्यूटी या संचाचा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटला. नॉर्वेतील ट्रॉलटेककडून तो २००८ साली नोकियाकडे गेला, २०१२ साली डिजियाकडे. धनी बदलले, खाते बंद पडले नाही. शिवाय १९९८ सालीच केडीई फ्री क्यूटी फाउंडेशनची व्यवस्था झाली आहे. मालकाने बारा महिने मुक्त आवृत्ती काढली नाही, तर संच मुक्तपणे खुला करण्याचा अधिकार त्या संस्थेस आहे. दस्तऐवजात असे कलम घालणारा मनुष्य आम्हांस तरी पक्का व्यापारी वाटतो. १९९२ पासूनचा डब्ल्यूएक्सविजेट्सही अद्याप जिवंत आहे. मात्र जिवंत संचही खर्चात पाडतो. डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आला आणि जीटीके २ ची सेवा संपली; त्यावर विसंबलेल्यांस पुन्हा बांधणी करणे प्राप्त झाले. यास्तव जुनी आवृत्ती किती वर्षे सांभाळणार, हे आधीच विचारावे. प्रोग्रामचा मूळ मजकूर आपल्या ताब्यात राहील असे लिहून घ्यावे, अन्यथा सारी पारख व्यर्थ.

आम्ही अखेर क्यूटी पत्करला. पैसे चुकते करण्यापूर्वी ज्ञ, क्ष, ऱ्या असलेली दहा मराठी नावे व दहा कानडी नावे एकाच पट्टीवर छापून मागितली. मुनीमजींनी ती भिंग लावून वाचली.