जगाच्या ओसरीवरून : उपकाराचें ऋण आणि मताची किंमत

एकदां झालेला उपकार किती पिढ्यांनीं स्मरावा, हा प्रश्न आपल्या कुटुंबांतून नवा नाहीं. आजोबांच्या अडचणींत ज्यानें हात दिला, त्याच्या नातवापुढेंही आपण मान लववावी, असें वडीलधारी मंडळी सांगतात; आणि तें योग्यच आहे. परंतु हाच न्याय राजकारणांत लावला तर काय होतें, याचें बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील कृष्णवर्णीय मतदारांच्या इतिहासांत सांपडतें.

१८६३ सालीं अब्राहम लिंकन यांनीं बंडखोर संस्थानांतील गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला. १८७० सालीं वर्णावरून मताधिकार नाकारण्यास घटनेनेंच बंदी झाली. या चळवळीचा पडसाद पुण्यापर्यंत पोंचला होता. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें. साहजिकच लिंकन यांचा रिपब्लिकन पक्ष हा कृष्णवर्णीयांचें जणूं कुलदैवतच झाला. पुष्कळ घरांतून लिंकनची तसबीर लागली.

परंतु दैवत पावेनासें झालें. दक्षिणेंतील गोऱ्या डेमोक्रॅट पुढाऱ्यांनीं मतदानावर कर, लिहिण्यावाचण्याची परीक्षा असे अडसर घातले. लुईझियाना संस्थानांत १८९६ सालीं सुमारें १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ सालीं ते अवघे १,३४२ उरले! रिपब्लिकन पक्ष हें बहुतांशीं स्वस्थपणें पाहात राहिला. जें मत न मागतां पदरांत पडणार, त्याची काळजी कोण वाहतो?

१९३२ सालीं ‘पिट्सबर्ग कूरियर’ पत्राचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनीं क्लीव्हलंड येथील भाषणांत आपल्या बांधवांस सांगितलें, कीं घरीं जाऊन लिंकनची तसबीर भिंतीकडे फिरवा. तें ऋण आतां फिटलें. त्या वर्षीं बहुतेकांनीं हें ऐकलें नाहीं. पण मंदीच्या दिवसांत फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या योजनांनीं हातांना काम दिलें, आणि १९३६ सालीं सुमारें ७० टक्के कृष्णवर्णीय मतें त्यांच्या पारड्यांत पडलीं. जें व्याख्यानानें साधलें नाहीं तें भाकरीनें साधलें.

पुढें १९६० सालीं मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगांत असतां जॉन केनेडी यांनीं त्यांच्या पत्नीस दूरध्वनीवरून धीर दिला. किंग यांचे धर्मोपदेशक वडील तोंवर निक्सन यांच्या बाजूचे होते. त्यांनीं उघडपणें पक्ष बदलला. १९६४ सालीं लिंडन जॉन्सन यांनीं नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांनीं त्याच कायद्याविरुद्ध मत दिलें होतें. जॉन्सन यांना सुमारें ९४ टक्के कृष्णवर्णीय मतें मिळालीं. १९६५ च्या मताधिकार कायद्यानें मिसिसिपींतील त्यांची नोंदणी सात टक्क्यांहून कमी होती, ती दोन वर्षांत साठांच्या घरांत गेली.

तेव्हांपासून अध्यक्षपदाच्या कोणाही रिपब्लिकन उमेदवारास या मतांचा पांचवा हिस्साही मिळालेला नाहीं. मग हे सारे एकाच विचाराचे आहेत काय? मुळींच नाहीं. धर्म व कुटुंब यांविषयीं त्यांच्यांतील कित्येकजण चांगले जुन्या वळणाचे आहेत. परंतु आपलें बरेंवाईट समाजाच्या बऱ्यावाइटाशीं बांधलेलें आहे, ही जाणीव प्रबळ. शिवाय चर्च, शेजार व आप्त यांचा शब्द पाठीशीं असतो. घरांत दहा जणांचीं दहा मतें, पण दाराबाहेर एकच, हा प्रकार आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नकोच.

या एकीचें बळ मोठें आहे. २०२० सालीं पक्षांतर्गत निवडणुकींत मागें पडलेले बायडन दक्षिण कॅरोलिनांतील कृष्णवर्णीय मतदारांमुळेंच सांवरले. तथापि निश्चित मत दुर्लक्षिलें जातें, हा जुना धोकाही टळलेला नाहीं. २०२४ सालीं कमला हॅरिस यांना या मतदारांनीं मोठें बहुमत दिलें खरें, पण तरुण पुरुषांपैकीं कांहींजण दूर सरल्याचें दिसलें.

आपल्याही घरांतून कर्त्या पुरुषाच्या एका शब्दावर सर्वांचीं मतें पडत आलीं आहेत. त्यांत आदर आहे, पण सुनेनें वा धाकट्या दिरानें कारण विचारलें तर तो अनादर मानूं नये. उपकाराची आठवण मनांत जरूर ठेवावी. मत देतांना मात्र प्रत्येकानें हिशेबाची वही स्वतः उघडून पाहावी.