टेस्टचे बटण दाबणार कोण?

१/ विजेच्या धक्क्याने माणूस दगावला की ‘हात ओले होते, निष्काळजीपणा नडला’ एवढ्या वाक्यात प्रकरण मिटते. हा निष्कर्ष सोयीचा आहे. इतिहासाला धरून नाही.

२/ ओल्या हातांना वाचवणारे साधन १९५० च्या दशकातच तयार झाले होते. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींसाठी हेन्री रुबिन यांनी ते विकसित केले. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परतला नाही, तर उरलेला कुठेतरी, कदाचित मानवी देहातून, जमिनीत जात असतो. तो हिशेब चुकताच वीज तोडायची, हेच आजच्या आरसीसीबीचे काम. घरगुती साधनाची मर्यादा ३० मिलीअँपिअर, मुदत ०.३ सेकंद.

३/ ‘एमसीबी आहे ना’ हे उत्तर फसवे आहे. ६ अँपिअरचा एमसीबी तारेला जपतो. त्याच्या दोनशेव्या भागाएवढी गळती त्याला जाणवतही नाही. माणसाला मात्र तीच भोवते.

४/ मग कायदा काय करत होता? २०१० च्या केंद्रीय सुरक्षा विनियमांनी हे साधन सक्तीचे केले, पण २५० व्होल्टपर्यंतच्या, ५ किलोवॅटखालील जोडण्या वगळून. चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावातले साधे घर पाहावे: दोन पंखे, चार दिवे, टीव्ही, एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅटची मोटर. बेरीज ५ किलोवॅटच्या निम्म्यावरही जात नाही. ज्याची भिंत ओली आणि अर्थिंग कच्चे, त्यालाच सूट मिळाली!

५/ साधन आहे तिथेही तपासणी कुठे आहे? टेस्टचे बटण आतल्या आत कृत्रिम गळती घडवते. यंत्रणा हलते की नाही, एवढेच त्यातून कळते. किती मिलीसेकंदांत वीज तुटली, अर्थिंग शाबूत आहे का, हे कळायला मीटर लागतो. वर्षानुवर्षे न हललेली यंत्रणा ऐन वेळी अडकू शकते.

६/ ‘सारखा पडतो’ म्हणून तो काढून तारा ‘डायरेक्ट’ जोडून घेणारे पुष्कळ. सारखा पडतो याचा अर्थ बहुधा कुठेतरी गळती आहे. भुंकतो म्हणून राखणीचा कुत्रा मारावा, तसा हा प्रकार.

७/ ग्राहकाच्या जोडणीची पाच वर्षांतून एकदा तरी तपासणी व्हावी, असे १९५६ च्या विद्युत नियमांतील नियम ४६ सांगत होता. उंद्रीतल्या किती घरांनी त्या तपासणीचा कागद पाहिला असेल? भाराची अट न घालता प्रत्येक घरी साधन आणि तपासणीची लेखी नोंद, एवढे झाल्यावरच मृताच्या ओल्या हातांकडे बोट दाखवावे.